सुरगाठ

मातोझिन्योश. गुरुवार, रात्रीचे साडेआठ.
माझ्या लाँड्रीचं शटर अर्धं ओढलेलं,
सहा नंबरचं मशीन कुणाच्या तरी चादरी घुसळतंय,
आणि आम्ही पाचजण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर
पान दोनशे बारापाशी अडून बसलोय.

पान दोनशे बारावर
नायक तिचे हात पलंगाला बांधतो.
तिनंच सांगितलंय म्हणून.
त्याआधीची दोन पानं नुसतं विचारणं:
हे चालेल? आणि हे? इथं थांबू?

"दोन पानं!" ग्रासा म्हणाली,
"घर विकताना नोटरीनं एवढं विचारलं नव्हतं.
रुमाल काय, पट्टे काय, दोऱ्या काय,
ही प्रेमकथा आहे की बंदरावरचं गोदाम?"

तेल्मो रात्रपाळीचा नर्स. चष्मा पुसत म्हणाला,
"मला तीच दोन पानं आवडली.
रात्रभर मी लोकांना हात लावतो,
विचारल्यावाचून नाही लावत.
मला कुणी विचारलं, त्याला किती वर्षं झाली
मोजत होतो वाचताना."

यावर कुणीच काही बोललं नाही.
ड्रायर तेवढा बोलत राहिला.

बेनेदिता एकोणीस वर्षांची.
ती दुसऱ्यांच्या मालिकेतली माणसं उचलून
त्यांच्या गोष्टी लिहिते.
एक दीपगृहाचा रखवालदार, एक जहाजावरचा आचारी,
मालिकेत दोघांना मिळून चार वाक्यं.
तिच्या एक्केचाळीस प्रकरणांत
ते एकमेकांना बोटही लावत नाहीत.
रोज रात्री वायरलेसवर आचारी सांगतो
काय शिजलं, काय करपलं, कांदे किती उरले.
रखवालदार म्हणतो, ऐकतोय.
वाचक तिला विचारतात, कधी? अगं, कधी?
ती म्हणते, रोजच तर होतंय.

"छान!" ग्रासा म्हणाली.
"तिकडे सगळी बांधाबांध, इकडे नुसते कांदे.
मधलं, आपलं साधंसुधं, काही उरलंय का जगात?"
"मधलं म्हणजे कसं?" बेनेदितानं विचारलं,
खरंच विचारलं, टोमणा नव्हता.
ग्रासानं उघडलेलं तोंड मिटलं.
तिचा नवरा नऊ वर्षं टीव्हीच्या खोलीत झोपतो.
गल्लीला ठाऊक आहे. ती गल्लीच्या चादरी माझ्याकडे येतात,
मला तर आहेच आहे.

तेवढ्यात झुल्मिरा म्हणाली, "गाठ चुकलीय."

वय अठ्ठ्याहत्तर, हातात भिंग,
बोटांना सार्डिनच्या कारखान्यातली चाळीस वर्षं.
इतका वेळ ती त्या एकाच ओळीवर होती.
माझ्याकडून कपडे वाळत घालायची दोरी मागून घेतली,
तेल्मोचं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं.
"ही पुस्तकातली. ओढ."
त्यानं ओढलं. दोरी रुतली.
"निरगाठ. जाळ्यासाठी बरी, माणसासाठी नाही."
मग सोडवून पुन्हा बांधली, टोक त्याच्या मुठीत दिलं.
"आता ओढ."
दोरी अशी गळून पडली की
जणू बांधलीच नव्हती.
"ही सुरगाठ. बाईला किंवा बाप्याला,
खुशाल बांधा ज्याला हवं त्याला.
फक्त टोक त्याच्या हातात राहू द्या."

"तुला गं कसं एवढं ठाऊक?" ग्रासाचा आवाज बारीक.

"आमचे हे ट्रॉलरवर. पहाटे तीनला निघायचे.
आम्ही पायाचे अंगठे बांधून झोपायचो,
लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून.
जाताना ते टोक ओढायचे,
मला जाग येऊ नये म्हणून इतकं हळू
की त्या हळूपणानंच जाग यायची."
"मग?"
"मग काय! डोळे मिटून पडून राहायची.
एकतीस वर्षं सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर घाईनं ओढलं असतं त्यांनी."

सहा नंबरचं मशीन थांबलं.
चादरी काढायला कुणी उठलं नाही.

ग्रासानं बोट ओलं केलं, पानं मागं उलटली,
पुस्तक तेल्मोच्या मांडीवर ठेवलं.
"ती दोन पानं," ती म्हणाली. "वाच पुन्हा.
मोठ्यानं नको."

मी शटर आणखी थोडं खाली ओढलं.